तुर्भ्याचा बाजार, नेरुळची पाकशाळा आणि स्पॅनिश भाषा

सानपाडा स्थानकाच्या पूर्वेस उतरून तुर्भ्याच्या दिशेने चालू लागले की बाजार दिसण्याआधी नाकाला जाणवतो. पहाटे चारच्या सुमारास भाजीपाल्याच्या गाड्या लागतात, फळबाजारात पेट्यांच्या थप्प्या चढू लागतात आणि माथाडी कामगारांच्या हाकांनी आवार भरून जाते. मसाला बाजारात मात्र दिवस उशिरा उगवतो. तिथे गाळ्यांची दारे उघडतात तेव्हा सूर्य बराच वर आलेला असतो. परंतु रात्रभर कोंडलेला धणे-जिऱ्याचा आणि मिरचीचा वास बाहेर पडताच वाटसरूला शिंक आल्यावाचून राहत नाही.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली. खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे तर मुंबईच्या पोटातला घाऊक व्यापारही तिकडे न्यावा लागेल, हे नियोजकांच्या मनात प्रारंभापासून होते. मस्जिद बंदर, दाणाबंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट येथील पेढ्या हलण्यास सहजासहजी तयार नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्यांचे ग्राहक, गोदामे, हुंडीचे संबंध, जवळचे देरासर, एवढे सगळे सोडून खाडीपलीकडच्या खाजणात जायचे हे कोणाला रुचणार? तरीही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत टप्प्याटप्प्याने कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे आणि भाजीपाला असे पाचही बाजार तुर्भ्यास आले. धान्यबाजारात कच्छी ओसवाल मंडळींचा वाटा मोठा. त्यांनी येताना दाणाबंदर हे नावही बरोबर आणले; आसपास बंदर नसताना आजही तो बाजार त्याच नावाने ओळखला जातो.

खरे बंदर येथून थोड्या अंतरावर, उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे आहे. १९८९ साली ते सुरू झाले आणि बाजाराचे जग एकदम मोठे झाले. आज सुक्यामेव्याच्या गाळ्यांत चिली देशाचा अक्रोड असतो. फळबाजारात त्याच देशाची किवी आणि सफरचंदे हंगामानुसार येतात. पेरू देशाची ब्लूबेरी लहान पारदर्शक डब्यांत शेजारच्या पेरूंच्या पाट्यांकडे पाहत बसलेली असते. किराणा मालात ऑलिव्ह तेलाचे डबे बहुतांशी स्पेनचे. जगात या तेलाचे सर्वाधिक उत्पादन त्याच देशात होते. आपल्या स्वयंपाकघरांत पोहोचणाऱ्या सोयाबीन तेलाचा मोठा हिस्सा अर्जेंटिनाहून जहाजाने देशात येतो. भारत आणि चिली यांच्यातील व्यापारी सवलतींचा करार २००७ पासून अमलात आहे. अक्रोड, किवी, ब्लूबेरी, ऑलिव्ह आणि सोया हे सगळे एकाच भाषेच्या मुलखातून येते. ती भाषा स्पॅनिश. ती २० सार्वभौम देशांची राजभाषा असून सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. असे असूनही तुर्भ्यात ती बोलणारा माणूस शोधायचा तर दिवस जाईल.

केसराच्या डबीचे उदाहरण व्यापारी कुटुंबांना सर्वांत जवळचे वाटेल, कारण हे केसर घरच्या दुधात पडते तसेच देरासरात पूजेच्या वाटीतही उतरते. अनेक डब्यांवर स्पेनचे नाव झळकत असते. स्पेनच्या ला मान्चा पठारावर पिकणाऱ्या केसराची ख्याती जुनी असून त्याला युरोपीय महासंघाचे संरक्षित मूळनामही आहे. परंतु स्पेनमध्ये डबीबंद होणारे सगळे केसर तेथे पिकलेले नसते. इराणचे केसरही स्पेनमध्ये येते आणि तेथून नव्या डबीत बाहेर पडते. डबीवर ‘एन्वासादो’ हा शब्द असेल तर त्याचा अर्थ केवळ ‘भरलेले’ असा होतो. ‘ओरिखेन’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते पाहावे लागते. दोन शब्दांच्या ज्ञानावर दरातला केवढा फरक अवलंबून असतो, हे मसाला बाजारातल्या जुन्या पेढीवाल्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मसाला बाजारातली मिरची ही याच इतिहासाची सर्वांत तिखट साक्षीदार. कोलंबस १४९२ साली निघाला तो मिऱ्याच्या शोधात. मिरी सापडली नाही, मिरची सापडली. स्पॅनिशमध्ये मिऱ्याला ‘पिमिएन्ता’ म्हणतात. मिरचीला त्याच शब्दाचा शेवटचा स्वर बदलून ‘पिमिएन्तो’ म्हणू लागले. मराठीतही मिरी आणि मिरची यांचे नाते असेच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी अशी आपली नावे धारण करून घरचीच झाली. टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, पपई, अननस, पेरू, सीताफळ, भोपळी मिरची, उपवासाचा साबूदाणा हेही सगळे अमेरिका खंडाचे देणे. डहाणू-घोलवडचा चिकू आज भौगोलिक मानांकन मिरवतो, पण त्याच्या नावाचे मूळ मेक्सिकोच्या नावात्ल भाषेत आहे; स्पॅनिशांनी ते उचलले आणि जगभर फिरवले. टोमॅटो आणि चॉकलेट हे शब्दही त्याच मार्गाने आलेले.

उलट दिशेची वाहतूकही कमी नाही. शर्करेचा अरबीत सुक्कर झाला आणि स्पॅनिशमध्ये ‘आसूकार’. नारंगाचा ‘नारान्खा’ झाला. वांग्यासाठी स्पॅनिश शब्द ‘बेरेन्खेना’ आणि आल्यासाठी ‘खेन्खिब्रे’. यांची मुळे अनुक्रमे वातिंगण आणि शृंगवेर या संस्कृत शब्दांपर्यंत मागे जातात. भारताने स्पॅनिश स्वयंपाकघराला शब्द दिले त्यांतले हे दोन नेमके जैन ताटात न येणारे निघावेत, हा योगायोग गमतीचाच म्हटला पाहिजे.

बाजारापासून नेरुळ फार दूर नाही. तेथे डी. वाय. पाटील विद्यापीठाची आदरातिथ्य आणि पर्यटन शिक्षणशाखा आहे, आयटीएमचे हॉटेल व्यवस्थापन महाविद्यालयही आहे. पांढरा कोट आणि गळ्याला रुमाल असा वेश केलेली मुलेमुली सकाळी स्थानकाबाहेर दिसतात. त्यांत व्यापारी घरांतली मुलेही आता दिसू लागली आहेत. गाळ्यावर बसण्याऐवजी स्वयंपाकघरात उभे राहायचे, हा निर्णय ज्या घरात होतो त्या घरात आजी-आजोबांना तो पचायला वेळ लागतो. ‘महाराज’ घरी ठेवणाऱ्या घराण्यातला मुलगा स्वतःच महाराज व्हायला निघाला, असे कोणी चेष्टेने म्हणते. आणि त्या चेष्टेखाली एक खरी चिंता असते. तेथे अंडी फोडावी लागतील, मांस हाताळावे लागेल, मग आपल्या आहारधर्माचे काय?

या चिंतेला सोपे उत्तर नाही आणि भाषेने ती मिटेल असेही नाही. बहुतेक संस्थांच्या अभ्यासक्रमात सामिष पाककृती अनिवार्य असतात. गेल्या दशकात अहमदाबादच्या शासकीय संस्थेने केवळ शाकाहारी पाकशिक्षणाचा पर्याय दिला, हे पाऊल स्वागतार्ह होय. मुंबई परिसरात प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी हा प्रश्न संस्थेला स्पष्ट शब्दांत विचारावा. मात्र हा उंबरठा ओलांडून, किंवा टाळून, जे तरुण या व्यवसायात उतरतील त्यांच्यासाठी भाषेचा प्रश्न पुढे उभा राहतोच.

हॉटेल व्यवस्थापनाच्या मुलांना परंपरेने फ्रेंच शिकवतात. त्याला कारण आहे. युरोपातले व्यावसायिक स्वयंपाकघर फ्रेंचांनी रचले. हुद्द्यांची उतरंड, रस्स्यांची नावे, भाजी चिरण्याच्या पद्धती हे सारे त्यांच्या भाषेत आहे. पण ती फ्रेंच बहुतेकदा शे-दोनशे शब्दांची असते. ती चाकू आणि पातेल्यासंबंधी बोलते, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलत नाही. अमेरिकेतल्या उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांत तो शेजारी मेक्सिको, एल साल्वादोर किंवा इक्वेडोरहून आलेला असण्याची शक्यता मोठी. त्या देशात घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक आहेत. अँथनी बोर्डेन या न्यूयॉर्कच्या आचाऱ्याने २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत शहरातली प्रतिष्ठित स्वयंपाकघरे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कामगारांच्या खांद्यावर उभी आहेत हे मोकळेपणाने मांडले होते. तेथे जाणाऱ्या मराठी मुलाला इंग्रजीवर वरिष्ठांशी बोलता येईल. परंतु सूरी कुठे ठेवली, तेल तापले का, मागून कढई येते आहे, हे ज्या भाषेत ओरडून सांगितले जाते ती अनेकदा इंग्रजी नसते.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे आहे. कातालोनियातल्या रोसेस गावचे एल बुयी हे उपाहारगृह एका ब्रिटिश नियतकालिकाच्या यादीत पाच वेळा जगात पहिले आले आणि २०११ साली बंद झाले, तोवर जगभरचे तरुण आचारी तेथे उमेदवारीसाठी रांग लावत. कोलकात्यात जन्मलेले गगन आनंद तेथे काही काळ शिकले आणि पुढे बँकॉकमधले त्यांचे उपाहारगृह २०१५ ते २०१८ सलग चार वर्षे आशियात अव्वल ठरले. बास्क प्रांतातल्या सान सेबास्तियान येथे २०११ पासून पाकशास्त्राचे स्वतंत्र विद्यापीठ-केंद्रच चालते. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. म्हणजे पाककलेचा गुरुत्वमध्य पॅरिसहून थोडा सरकला आहे, आणि सरकला आहे तो स्पॅनिश बोलणाऱ्या दिशेने.

परंतु जैन कुटुंबाच्या दृष्टीने या भाषेचे महत्त्व नोकरी आणि प्रतिष्ठा यांच्याही आधी दुसऱ्याच ठिकाणी आहे. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून मन निश्चिंत होते. स्पेनमध्ये अथवा मेक्सिकोत असा अनिवार्य ठिपका नाही. युरोपीय महासंघाच्या नियमानुसार १४ ॲलर्जीकारक घटक वेष्टनावर ठळकपणे दाखवावे लागतात. त्यांत अंडी, दूध, मासे, तीळ आहेत, पण कांदा, लसूण किंवा प्राण्याची चरबी नाही. घटकांची यादी असते, ती वाचावी लागते आणि ती स्पॅनिशमध्ये असते.

‘मान्तेका’ हा एकच शब्द पाहावा. स्पेन आणि मेक्सिकोत तो सामान्यतः डुकराच्या चरबीसाठी वापरतात. लोण्याला तेथे ‘मान्तेकिया’ म्हणतात. पण अर्जेंटिना आणि उरुग्वेत ‘मान्तेका’ म्हणजे साधे लोणी! ब्युनॉस आयर्समध्ये न्याहारीला अर्धचंद्राकृती पाव मिळतात. त्यांतले ‘दे मान्तेका’ लोण्याचे आणि ‘दे ग्रासा’ चरबीचे. हेच ज्ञान घेऊन माद्रिदला गेलेला प्रवासी नेमका फसेल. स्पेनमध्ये नाताळात ‘पोल्वोरोन’ नावाचे बिस्कीट मिळते. दिसायला, तोंडात विरघळायला हुबेहूब नानकटाई. परंतु परंपरेने ते डुकराच्या चरबीतच करतात. मेक्सिकोतले ‘फ्रिखोलेस रेफ्रितोस’ म्हणजे घोटलेला राजमा, नाव ऐकून कोणाला शंका येऊ नये. पण त्याची पारंपरिक फोडणी त्याच चरबीची. तेथला भात पुष्कळदा कोंबडीच्या ‘काल्दो’मध्ये, म्हणजे रश्शात, शिजतो.

‘कार्ने नाही ना?’ असे विचारून ‘नाही’ हे उत्तर मिळाले तरी समाधान मानू नये. ‘कार्ने’ म्हणजे मांस, पण बोलताना अनेकांच्या मनात त्याचा अर्थ मांसाचे तुकडे एवढाच असतो. ‘खामोन’, म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, किंवा ‘आतुन’ हा मासा त्यात धरला जाईलच असे नाही. स्पेनमधल्या साध्या ‘मिश्र कोशिंबिरी’वर हा मासा आणि उकडलेले अंडे हमखास येते. ‘तोर्तिया’ हा शब्द तर दोन खंडांत दोन पदार्थ सांगतो. मेक्सिकोत ती मक्याची भाकरी, केवळ मका, चुना आणि पाणी यांची. गव्हाच्या तोर्तियात मात्र चरबी असू शकते. स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे अंडी आणि बटाट्याचे जाड धिरडे, बहुतेकदा कांद्यासह. एकाच शब्दाने एका देशात जैन माणसाला पोटभर जेवता येते आणि दुसऱ्या देशात एक घासही घेता येत नाही.

बटाट्यावरून आणखी एक सापळा. स्पेनमध्ये बटाटा ‘पाताता’, लॅटिन अमेरिकेत ‘पापा’. आणि ‘बाताता’ हा आपल्या कानाला परिचित शब्द तेथे रताळ्यासाठी आहे. सुदैवाने दोन्ही कंदमुळेच, तेव्हा चूक झाली तरी नियम एकच राहतो. ‘तुरोन’ ही बदामाची चिक्की वाटते, परंतु तीत मध असतो आणि बहुधा अंड्याचा पांढरा भागही. चीजच्या बाबतीत ‘क्वाखो’ हा शब्द शोधावा, म्हणजे दूध विरजण्याचे द्रव्य. ते वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून काढलेले असू शकते. मात्र स्पेनच्या पश्चिमेस एस्त्रेमादुरा प्रांतातली ‘तोर्ता देल कासार’ ही चीज रानटी काटेफुलाच्या अर्काने विरजली जाते, आणि वेष्टनावर ‘क्वाखो वेखेताल’ असे लिहिलेले आढळते.

सर्वांत सूक्ष्म हिंसा रंगात दडलेली असते. मेक्सिकोत निवडुंगावर वाढणाऱ्या ‘कोचिनिया’ नावाच्या बारीक किड्यांपासून लाल रंग काढत. स्पॅनिश साम्राज्याच्या काळात चांदीखालोखाल किमती निर्यात होती ती या रंगाची. आज पेरू हा त्याचा मुख्य उत्पादक असून मिठाई, दही, सरबते यांत तो ‘कार्मिन’ या नावाने किंवा ई-१२० या क्रमांकाने येतो. थोड्या रंगासाठी हजारो किडे वाळवावे लागतात. या शब्दाची कुळी पाहिली तर तो आपल्या घरचाच निघतो. संस्कृत कृमि, त्यापासून फारसी-अरबी किरमिज, त्यापासून आपला किरमिजी आणि युरोपातला कार्मिन. किरमिजी शालू म्हणताना आपल्याला कृमी आठवत नाही. गुलाबी दह्याच्या वाटीवर तो आठवला तर बरे.

येथवर वाचून कोणास वाटेल की या मुलखात जैन माणसाने पाऊलच ठेवू नये. वस्तुस्थिती उलट आहे. कच्च्या केळीने बटाट्याची जागा घेण्याची युक्ती जैन गृहिणीला जशी सुचली, तशी ती कॅरिबियन बेटांवर आणि कोलंबियात निराळ्या कारणाने रुजलेली आहे. तेथे कच्च्या केळ्याचे जाड काप तळून, दाबून, पुन्हा तळतात. कोठे त्यांना ‘पाताकोनेस’, कोठे ‘तोस्तोनेस’ म्हणतात. सोबतची चटणी ‘सिन आखो’, म्हणजे लसणाविना, मागावी एवढेच. कोलंबिया आणि व्हेनेझुएलातली ‘आरेपा’ ही मक्याच्या पिठाची जाड भाकरी. तीत पीठ, पाणी आणि मीठ याखेरीज काही नसते. ‘चुरोस’चे पारंपरिक पीठही मैदा, पाणी आणि मीठ एवढेच. अवाकाडोच्या ‘ग्वाकामोले’तून कांदा वगळला तर मिरची, लिंबू, कोथिंबीर आपलीच. ‘सिन सेबोया’, कांद्याविना, एवढे दोन शब्द पुरतात.

वेळेचा प्रश्न मात्र दोन शब्दांनी सुटत नाही. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन ते साडेतीनच्या दरम्यान आणि रात्रीचे नऊनंतर. चौविहार पाळणाऱ्याला हे अशक्य वाटेल. पण १९४० पासून स्पेनने आपल्या रेखांशाला न शोभणारी मध्य युरोपाची वेळ धरली आहे, त्यामुळे जूनअखेरीस माद्रिदमध्ये सूर्य सुमारे पावणेदहाला मावळतो. उन्हाळ्यात जैन प्रवासी तेथे रात्री नऊला जेवूनही सूर्यास्तापूर्वी जेवलेला असतो. डिसेंबरात मात्र सहाच्या आत अंधार पडतो आणि उपाहारगृहाची चूल पेटलेलीही नसते. तेव्हा दुपारचे ‘मेनू देल दिया’ पोटभर घ्यावे आणि ‘मेरिएन्दा’, म्हणजे सायंकाळचे खाणे, यावर दिवस संपवावा हे उत्तम.

मराठी माणसाला ही भाषा अवघड आहे काय? इंग्रजीच्या वाटेने शिकतो त्याला ती उगीच अवघड होते. इंग्रज ‘मी भात आवडतो’ अशा धाटणीने बोलतो. मराठी माणूस म्हणतो ‘मला भात आवडतो’, आणि स्पॅनिश माणूसही नेमके तेच म्हणतो: ‘मे गुस्ता एल आरोस’. आवडणारी वस्तू कर्ता, आवडून घेणारा चतुर्थीत. ‘माझे डोके दुखते’ यासाठीही रचना तशीच, ‘मला डोके दुखते’. सर्व नामांना लिंग आहे, विशेषण त्याप्रमाणे बदलते. मराठीत तीन लिंगे सांभाळणाऱ्याला दोन म्हणजे सवलतच. आदराचा भेदही आहे. वडीलधाऱ्याला ‘उस्तेद’ आणि बरोबरीच्याला ‘तू’, अगदी मराठीतला ‘तू’, उच्चारासह. स्वर पाचच आणि लिहिले तसे वाचायचे. ‘ञ’ हे अक्षर आपण बाराखडीत पाठ करतो आणि जन्मभर क्वचित वापरतो. स्पॅनिशमध्ये त्याला स्वतंत्र अक्षर आहे आणि ते रोज लागते. शिवाय पोर्तुगिजांनी आपल्या तोंडी रुळवलेले शब्द या शेजारी भाषेत निराळ्या वेशात भेटतात. पाव तेथे ‘पान’ होतो, बिजागरीला ‘बिसाग्रा’ म्हणतात, आणि ज्या ‘पागार’ या क्रियापदापासून आपला पगार झाला त्याचा स्पॅनिशमध्येही अर्थ ‘पैसे देणे’ असाच आहे. व्यापारी घरातल्या मुलाने हा शब्द पहिल्याच दिवशी शिकावा.

वेळेचा हिशेब मांडायचा तर अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षणसंस्था आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश कामकाजापुरती यावी यासाठी सुमारे ६०० ते ७५० तास धरते. दररोज एक तास दिला तर ती साधारण दोन वर्षे झाली. हॉटेल व्यवस्थापनाच्या पदवीच्या मुदतीत सहज बसणारी. स्वयंपाकघरापुरती भाषा त्याहून लवकर येते. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात स्पॅनिश शिकवली जाते. स्पॅनिश शासनाची इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस ही संस्था २००९ पासून नवी दिल्लीत आहे आणि तिच्या ‘देले’ परीक्षेचे प्रमाणपत्र, ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांत, जगभर मान्य आहे. खासगी वर्गाची जाहिरात वाचताना हीच पायरी विचारावी. ‘तीन महिन्यांत अस्खलित’ असे सांगणाऱ्याकडे आणि भाषेबरोबर परदेशातल्या नोकरीची हमी विकणाऱ्याकडे फी भरण्याआधी दहा वेळा विचार करावा. प्रमाणपत्राने हाताची धार येत नाही हेही मुलांनी ध्यानात ठेवावे. ज्याला कणीक नीट मळता येत नाही त्याची स्पॅनिश कोणत्याही स्वयंपाकघरात फार काळ ऐकून घेतली जाणार नाही.

पुन्हा तुर्भ्याकडे वळून पाहिले तर धान्यबाजारात मक्याची पोती रचलेली दिसतात. आपल्याकडे मका कणीस म्हणून, लाही म्हणून किंवा पशुखाद्य म्हणून संपतो. मेक्सिकोत तो आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर मुरवतात, सकाळी धुऊन ओलाच दळतात. अशा मुरवलेल्या मक्याला ‘निश्तामाल’ म्हणतात. चुन्यामुळे दाण्यात बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व सुटे होते, पीठ चिकट बनते आणि भाकरी न मोडता थापता येते. स्पॅनिशांनी मका युरोपात नेला पण चुन्याची कृती नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा त्वचेचा व मेंदूचा रोग पसरला; अठराव्या शतकात स्पेनच्या आस्तुरियास प्रांतातल्या गास्पार कासाल या वैद्याने त्याचे पहिले वर्णन केले. पदार्थ गेला, भाषा गेली नाही, त्याचा हा परिणाम. नवी मुंबईच्या उपाहारगृहांत आज ‘मेक्सिकन’ म्हणून जे मिळते त्यात हा मका सहसा नसतो. मैद्याची पोळी आणि वर चीज असते.

याच गल्लीत काबुली चण्याचा व्यापार आहे. चण्याची प्रत ठरते ती दाण्याच्या आकारावरून. एका औंसात ४२ ते ४४ दाणे बसले तर एक भाव, ५८ ते ६० बसले तर दुसरा. मेक्सिकोच्या सिनालोआ प्रांतातला टपोरा चणा हा या मालाचा जगातला नामांकित वाण, आणि स्पेन त्याचे जुने गिऱ्हाईक. तेथे त्याला ‘गार्बान्सो’ म्हणतात. माद्रिदच्या सुप्रसिद्ध ‘कोसिदो’त तो मांसाबरोबर शिजतो, पण लेंटच्या उपवासात पालक आणि गार्बान्सो यांची एक भाजी करतात, जिरे आणि लाल मिरचीपूड घातलेली. मूळ कृतीत लसूण आणि पुष्कळदा खारवलेला मासा असतो. लसणाऐवजी चिमूटभर हिंग घालून आणि मासा वगळून ती भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढली, तर दाणाबंदरातल्या कोणत्याही घरी ती परकी वाटणार नाही.